लेनगुरे सरांचे पवित्र अंतर

शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात एक पवित्र अंतर असावे, असे प्रफुल लेनगुरे सरांचे ठाम, अभ्यासपूर्ण आणि दीर्घ चिंतनातून तयार झालेले मत होते. हे मत त्यांचे मागच्या बुधवारी संध्याकाळपासून होते.

त्या दिवशी महाशिवरात्र होती आणि सर सपत्नीक मार्कंड्याच्या यात्रेला गेले होते. वैनगंगेत उतरून, नाक धरून, त्यांनी बुडी मारली आणि मग जरा वेळ पाठीवर पडून राहिले. काठावरून रंजीताबाईंनी फोटो काढला. सरांनी तो 'हर हर महादेव' असे लिहून भक्तिभावाने स्टेटसला ठेवला. मोहर्लीच्या घरी परत येईपर्यंत बऱ्याच जणांनी हात जोडले होते. एकाने मात्र लिहिले होते, 'सर पोट लय मस्त तरंगून राह्यलं.' मेसेजच्या वर नाव होते, निकेश सातवी.

"पाह्य," सरांनी मोबाइल बायकोपुढे धरला. "सातवीतला पोट्टा मले असं लिवते."

रंजीताबाईंनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. "पन तरंगून त राह्यलं."

"प्रश्न पोटाचा नाई. प्रश्न मर्यादेचा हाय."

"मंग मर्यादेत जेवत जा."

सर घरी असे बोलत. शाळेत मात्र ते पुस्तकातल्यासारखे बोलत आणि पुस्तक मिटले तरी तसेच बोलत राहत. सालेटोल्याची शाळा पहिली ते आठवीची. सर तिथे शिक्षकही होते आणि प्रभारी मुख्याध्यापकही. दुसरे शिक्षक होते, ते बहुधा प्रशिक्षणाला असत. जूनमध्ये पोरांची नावे पटावर चढवताना सर घरचा मोबाइल नंबर मागत आणि तो पोराच्याच नावाने आपल्या मोबाइलमध्ये ठेवत. बापांची नावे लक्षात राहत नाहीत, पोरांची राहतात. म्हणून 'निकेश सातवी', 'पुनम आठवी', 'अंकुश सहावी'. टोल्यात मोबाइल घरटी एकच. सकाळी तो बापाबरोबर धुऱ्यावर, दुपारी आईच्या कंबरेला, संध्याकाळी देवळीत चार्जिंगला. ही गोष्ट सरांना माहीत नव्हती असे नाही. रागाच्या भरात आठवली नाही, एवढेच.

गुरुवारी त्यांनी वर्गात विचारले, "कोणाकोणाच्या घरी मोबाइल आहे?"

सगळे हात वर गेले. सर्वांत आधी निकेशचा गेला. सरांनी तो कबुलीजबाब समजला आणि निकेशला पहिल्या बाकावरून उचलून शेवटच्या बाकावर बसवले. निकेश काही न विचारता गेला. शेवटच्या बाकावरून खिडकीबाहेरचे मोहाचे झाड दिसत असे, त्यामुळे त्याची तक्रारही नव्हती.

एरवी हे प्रकरण इथेच मिटले असते. पण शनिवारी सालेटोल्याच्या शाळेत शिक्षण परिषद भरायची होती. आसपासच्या शाळांतले पंधरा-वीस शिक्षक येणार, केंद्रप्रमुख बोरकुटे साहेब येणार आणि एका शिक्षकाने 'शिक्षक-विद्यार्थ्यांनी समाजमाध्यमांवर जोडलेले असावे का' या विषयावर बोलायचे. भाषण जमले तर त्या शिक्षकाचे नाव जिल्ह्याच्या परिषदेसाठी चंद्रपूरला जाणार होते. बोलायचे होते लेनगुरे सरांनी. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कितीतरी फ्लेक्स बांधले होते, पण स्वतःचे नाव असलेल्या फ्लेक्सखाली ते कधी उभे राहिले नव्हते. या वेळी बोरकुटे साहेब चंद्रपुरातून फ्लेक्स छापून आणणार होते आणि त्यावर 'व्याख्याते' या शब्दापुढे सरांचे नाव असणार होते. सरांनी याबद्दल कोणाला काही सांगितले नव्हते. फक्त नवा शर्ट शिवायला टाकला होता.

आधीचे भाषण 'जोडलेले असावे' या बाजूने होते. ते फाडून गुरुवारी रात्री नवे लिहिले. नाव दिले 'पवित्र अंतर'. लिहून झाल्यावर त्यांच्या मनात आले, की बोलणारा आधी आचरणारा असावा. म्हणून त्यांनी पटावरच्या एकूण एक पोरांचे नंबर ब्लॉक केले. नुसते व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, फोनमध्येसुद्धा, मुळापासून. पहिलीतली दुर्गा अजून खडू खात होती, तीही सुटली नाही. तत्त्व म्हटले, की इयत्ता पाहायची नसते. मग 'शाळा अभ्यास' या ग्रुपमधून ते बाहेर पडले आणि त्याच भरात 'सालेटोला वाघ सूचना' या ग्रुपमधूनही बाहेर पडले, कारण त्यातही हेच सगळे नंबर होते.

"सगळे संबंध तोडले," त्यांनी रंजीताबाईंना सांगितले.

"कोनाशी?"

"विद्यार्थ्यांशी."

"बरं," त्या म्हणाल्या. "पनीर संपलं हाय."

शुक्रवारी सरांनी रजा टाकली. आरशासमोर भाषण पाठ केले, शर्ट आणला. मोबाइल दिवसभर गप्प होता. इतकी शांतता त्यांना लग्नाआधीही लाभली नव्हती. तत्त्वाचे फळ इतक्या लवकर मिळते, हे त्यांनी भाषणातही घालून घेतले.

तिकडे सालेटोल्यात मात्र पुनमची आई अन्नपूर्णाबाई, म्हणजे शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाई, सकाळपासून सरांना फोन लावत होत्या. उद्या जेवायला किती माणसे, एवढेच त्यांना विचारायचे होते. अंकुशचा बाप मंडपवाला. मंडप अंगणात टाकायचा की मागे, एवढेच त्याला विचारायचे होते. निकेशचा आजा सोमाजी शाळा समितीचा अध्यक्ष. त्याला काही विचारायचे नव्हते, पण अध्यक्ष म्हणून तोही लावत होता. संध्याकाळपर्यंत उत्तर न आल्याने मंडपवाल्याने मंडप एका बारशाला देऊन टाकला आणि अन्नपूर्णाबाईंनी, कमी पडायला नको म्हणून, लग्नाच्या हिशेबाने वड्यांसाठी लाखोळीची डाळ भिजत घातली.

शनिवारी सर भल्या सकाळी मोटारसायकलवरून निघाले. सालेटोल्याचे गाव आणि शाळा यांच्यामध्ये नाला आहे. मोहर्लीचा रस्ता त्या नाल्यापर्यंत येतो आणि पुलाच्या तोंडाशी दोन फाटे फुटतात. डावीकडे गाव, उजवीकडे पूल ओलांडून शाळा. गावातून शाळेत यायचे तरी पुलावरूनच यावे लागते. सरांनी पूल ओलांडला तेव्हा तिथे कोणी नव्हते. ते शाळेत पोचून कुलूप काढत होते, तेव्हा मात्र नाल्यातल्या करवंदीच्या जाळीत एक वाघीण होती आणि तिच्यापुढे गावातल्या इतवारीचा मारलेला गोऱ्हा होता.

वाघीण येणे ही सालेटोल्यात बातमी नव्हती. अशा वेळी काय करायचे, हे ठरलेले होते. वनरक्षक प्रिया मडावी यांनी पुलाच्या अलीकडे रस्ता अडवला. गावातल्या बचाव पथकाचा सुरज वॉकीटॉकी घेऊन ग्रामपंचायतीत बसला. 'वाघ सूचना' ग्रुपवर मेसेज पडला, 'नाल्यात वाघीण. कोणी घराबाहेर निघू नये. पोरं शाळेत धाडू नये.' गाव पाच मिनिटांत दारे लावून बसले. हा मेसेज शाळेत तेवढा पोचला नाही.

सरांनी वर्ग उघडला. मंडप नव्हता. खिचडीच्या खोलीला कुलूप होते. स्वागतगीताची पोरे नव्हती. नवा शर्ट घालून ते व्हरांड्यात उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. कोणी आले नाही. पाहुणेही नाहीत. बोरकुटे साहेबांना फोन लावला तर तो संपर्कक्षेत्राच्या बाहेर. नाल्याच्या खोलगटात नेटवर्क नसते आणि साहेब पंधरा-वीस शिक्षकांसह तिथेच अडकले होते, हे सरांना कसे कळावे?

त्यांना वेगळेच कळले. ब्लॉक केल्यामुळे पोरे चिडली, पोरांनी घरी सांगितले आणि अख्ख्या गावाने परिषदेवर बहिष्कार टाकला. निकेशचा आजा अध्यक्ष असल्याचे आठवल्यावर तर त्यांची खात्रीच पटली. साहेबांना गावकऱ्यांनी वाटेतूनच परत पाठवले असणार. चंद्रपूर गेले, फ्लेक्स गेला. 'ठीक आहे,' सर मनात म्हणाले, 'मी स्वतः गावात जाऊन सोमाजींना विचारतो.' आणि भाषणाची घडी खिशात घालून ते फाटकाकडे निघाले.

फाटकाच्या कडीला हात लावला आणि ग्रामपंचायतीचा भोंगा खरखरला. हा भोंगा एरवी पाणीपट्टीसाठी वाजत असे.

"हॅलो. हॅलो. लेनगुरे सर. मी सोमाजी बोलून राह्यलो जी. तुमी शाळेच्या बाहेर येऊ नोका. नाल्यात वाघीन बसून हाय."

सरांचा हात कडीवरच राहिला.

"सकाळपासून तुमाले फोन लावून राह्यलो. अख्खं गाव लावून राह्यलं. एकाचाबी लागत नाई. सुरज म्हन्ते, का सरानं आपल्याले ब्लॉक करून ठेवलं. मले काई समजत नाई त्यातलं. कोनाचं काई चुकलं असन त सांगा जी. पन अगोदर दार लावा."

भोंगा गावात ऐकू गेला, शाळेत ऐकू गेला आणि पुलाच्या अलीकडे उभ्या असलेल्या केंद्रातल्या समस्त शिक्षकवर्गालाही ऐकू गेला.

सर वर्गात आले, दार लावले, पहिल्या बाकावर बसले. हातात मोबाइल घेतला. एका बाजूला तत्त्व होते आणि दुसऱ्या बाजूला वाघीण. त्यांनी तत्त्वाचा पूर्ण आदर राखून पहिला नंबर अनब्लॉक केला. तो 'निकेश सातवी' होता. सालेटोल्याच्या अध्यक्षाचा नंबर त्याच नावाखाली होता, याला त्यांचा इलाज नव्हता.

"सोमाजी भाऊ, मी लेनगुरे."

"हाव जी. दार लावलं का?"

"लावलं. भाऊ, मी गावाशी भांडलो नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की तुमच्या नातवाने माझ्या पोटाबद्दल लिहायला नको होतं."

हे वाक्य सरांनी मोबाइलमध्ये म्हटले आणि लगेच तेच वाक्य त्यांना नाल्यापलीकडून, बरेच मोठे होऊन ऐकू आले. सोमाजींनी मोबाइल माइकशेजारी ठेवला होता आणि ऐकू कमी येते म्हणून स्पीकर चालू केला होता.

भोंगा खरखरला.

"पोटाबद्दल?" सोमाजी म्हणाले.

"फोटोखाली. तरंगण्याबद्दल."

"ते मंग पाहू जी," सोमाजी घाईने म्हणाले. "वरची कडीबी लावा."

पुलाच्या अलीकडे शिक्षक एकमेकांकडे पाहत नव्हते. बोरकुटे साहेबांनी घड्याळ पाहिले. दुपारी त्यांची मोहर्लीला दुसरी बैठक होती. परिषद झाली नाही, तर का झाली नाही हे कळवावे लागणार. त्यापेक्षा ती झालेली बरी. ते प्रिया मडावींकडे वळले.

"मॅडम, तुमच्या वॉकीटॉकीवरून गावात निरोप देता येईल का? सरांना म्हणावं, भाषण सुरू करा."

"कुठी?"

"आहेत तिथूनच. आवाज चांगला येतो आहे."

"अन वाघीन?"

"ती ऐकत असेल तर आपली हरकत नाही."

निरोप सुरजला गेला, सुरजकडून सोमाजींना, सोमाजींकडून सरांना. सरांना आधी खरे वाटले नाही. मग ते उठले, शर्ट नीट केला आणि बंद वर्गात, रिकाम्या बाकांसमोर, मोबाइल तोंडापुढे धरून उभे राहिले.

"सन्माननीय केंद्रप्रमुख आणि बंधुभगिनींनो. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात एक पवित्र अंतर असावे."

सध्या ते अंतर एक नाला आणि एक वाघीण एवढे होते. आवाज मात्र खणखणीत जात होता. समाजमाध्यमांमुळे गुरूची प्रतिमा कशी पातळ होते, हे सर रंगात येऊन सांगत होते, तोच भोंगा बंद पडला. सोमाजींच्या मोबाइलची बॅटरी सकाळपासून सरांना फोन लावून लावून उतरली होती.

भाषण मुद्द्यावर आले होते. त्यांनी यादी उघडली आणि 'पुनम आठवी' अनब्लॉक केली.

"बोला जी सर," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "जेवाले किती मानसं हाये?"

"बाई, तुमचा मोबाइल घेऊन ग्रामपंचायतीत जाता येईल का? मला पुढचं बोलायचं आहे."

"पंचायतीतच हाय मी. भोंगा ऐकून सगळं गाव हितं येऊन बसलं. तुमचं भाषन ऐकून राह्यलो."

पुनमच्या मोबाइलवर सरांनी 'अतिपरिचयात अवज्ञा' हा भाग पूर्ण केला. मग तोही बंद पडला. 'अंकुश सहावी'वर भाषण दहा-बारा वाक्ये टिकले. कोणाच्याच मोबाइलमध्ये फारसा जीव उरला नव्हता, कारण सगळेच सकाळपासून त्यांना फोन लावत होते. गावात पोर शाळेत नसलेले घर एकच होते, ते इतवारीचे. पण त्याचा मोबाइल रिचार्जअभावी पोळ्यापासून नुसता घड्याळ म्हणून चालत होता. तेव्हा सर यादीतून खाली खाली सरकत गेले. सातवी संपली, पाचवी संपली. 'विद्यार्थ्यांशी जोडले जाण्याचा मोह शिक्षकाने कठोरपणे टाळला पाहिजे' हे समारोपाचे वाक्य त्यांनी 'दुर्गा पहिली'च्या मोबाइलवरून म्हटले. तोवर अख्खी शाळा अनब्लॉक झाली होती.

टाळ्या वाजल्या. ग्रामपंचायतीत वाजल्या आणि पुलाजवळही वाजल्या. त्याच सुमारास प्रिया मडावींनी वॉकीटॉकीवर कळवले, की वाघीण उठली, जांभई दिली आणि वरच्या जंगलात निघून गेली. भाषणामुळे उठली का, असे बोरकुटे साहेबांनी विचारले.

"ते सांगता येत नाई सर," प्रिया म्हणाल्या. "पन भाषन सुरू व्हाच्या अगोदर ती निजून होती."

रस्ता उघडला तेव्हा सर फाटकाबाहेर आले. पुलाच्या तोंडाशी त्यांना त्यांचा फ्लेक्स दिसला. अडवायला दुसरे काही नसल्याने प्रिया मडावींनी साहेबांच्या गाडीतला फ्लेक्स रस्त्यावर दोन झाडांना आडवा बांधला होता. 'व्याख्याते: श्री. प्रफुल लेनगुरे'. सगळी शिक्षकमंडळी सकाळपासून त्या नावासमोर उभी होती, कारण त्याच्या पुढे जायला मनाई होती. सर त्याखाली जाऊन उभे राहिले आणि कोणीतरी फोटो काढला. ते पोट आत घेऊन उभे होते.

"मुद्दे चांगले होते," बोरकुटे साहेब म्हणाले. "तिसऱ्या मोबाइलवर जास्त स्पष्ट आले. तुमचं नाव चंद्रपूरला कळवतो."

अन्नपूर्णाबाईंनी शाळेच्या अंगणात पंगत वाढली. लाखोळीचे वडे इतके होते, की शिक्षक जेवले, गाव जेवले आणि प्रिया मडावींनी डब्यात बांधूनही नेले. रंजीताबाईंसाठी सरांनी सहा मागून घेतले. इतवारीला गोऱ्ह्याची भरपाई मिळेल, असे प्रिया मडावींनी सांगितल्यावर तोही पंगतीला बसला.

सोमवारी सरांनी निकेशला शेवटच्या बाकावरून बोलावले आणि पुन्हा पहिल्या बाकावर बसवले. तो खिडकीकडे पाहत जरा नाइलाजानेच आला.

"निकेश, झालं गेलं विसरून जाऊ. पण मोठ्यांच्या पोटाबद्दल लिहू नये."

"मी नाई लिवलं जी सर."

"मग कोणी लिहिलं?"

निकेशने खिडकीबाहेर बोट दाखवले. अध्यक्ष सोमाजी शाळेच्या कुंपणाला काट्या लावत होते. सर बाहेर गेले.

"सोमाजी भाऊ, तो मेसेज तुमचा होता?"

सोमाजींनी हातातली फांदी खाली ठेवली. "हाव जी. त्या दिवशी भोंग्यावर कसं सांगू, सगळे ऐकून राह्यले होते. लहान होतो तईपासून मार्कंड्याच्या यात्रेले जाऊन राह्यलो मी. मानसं पान्यात दगडावानी जातेत. तुमचं तरंगलं. चांगलं वाटलं, म्हनून लिवलं. काऊन, चुकलं का काई?"

सरांनी कुंपणाकडे पाहिले. "नाई," ते म्हणाले. "ती कडेची फांदी जरा आत घ्या."

संध्याकाळी घरी आल्यावर वडा खात खात त्यांनी मोबाइलमधली नावे एकेक करून बदलली. 'निकेश सातवी'चे सोमाजी अध्यक्ष केले, 'पुनम आठवी'चे अन्नपूर्णाबाई. 'वाघ सूचना' ग्रुपमध्ये सुरजने त्यांना परत घेतले होते.

"जोडले गेले का विद्यार्थ्यांशी?" रंजीताबाईंनी विचारले.

शाळेच्या पटावर एकतीस पोरे होती. मोबाइल त्यांतल्या एकाकडेही नव्हता.